अभ्यास आणि वैराग्य

'अभ्यास' हा शब्द भारतातील बहुतेक भाषांत आहे; परंतु त्याचा अर्थ मात्र प्रत्येक भाषेने आपापल्या स्वभावानुसार ठरवून घेतला आहे. मराठीत आणि गुजरातीत अभ्यास म्हणजे अध्ययन. मूल 'अभ्यासाला बसले आहे' असे मराठी घरात म्हटले की त्याच्यापुढे पुस्तक उघडे आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. हिंदीत अभ्यास म्हणजे सराव. मग तो गळ्याचा असो वा सैन्याच्या कवायतीचा. बंगालीत अभ्यास म्हणजे सवय; तेथे सकाळच्या चहाचाही अभ्यास असू शकतो. मल्याळममध्ये शिक्षणाला 'विद्याभ्यासम्' म्हणतात खरे, पण नुसते 'अभ्यासम्' म्हटले की अंगमेहनतीचे कौशल्य, कसरत डोळ्यांपुढे येते. कन्नडने अध्ययन, सराव आणि सवय हे तिन्ही अर्थ एकाच शब्दात सुखाने नांदवले आहेत.

पतंजलींच्या योगसूत्रांत हा शब्द येतो तेव्हा या साऱ्या अर्थांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट त्यात अभिप्रेत असते : चित्त स्थिर राहावे यासाठी पुनःपुन्हा केलेला यत्न. हा यत्न दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने चालला तर त्याला भक्कम पाया लाभतो, एवढेच आश्वासन सूत्रकार देतात. परंतु त्यांनी अभ्यासाला एकटे सोडलेले नाही. त्याच्या शेजारी त्यांनी वैराग्याला बसवले आहे, आणि गीतेच्या सहाव्या अध्यायातही ही जोडी अशीच एकत्र येते. व्यासभाष्यात चित्ताला दोन दिशांनी वाहणाऱ्या नदीची उपमा आहे. वैराग्याने विषयांकडे जाणारा ओघ अडवायचा आणि अभ्यासाने विवेकाकडे जाणारा ओघ मोकळा करायचा. शास्त्रात ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात. साधकाच्या आयुष्यात मात्र तसे क्वचितच घडते. अभ्यास आधी येतो, उत्साहाने येतो. वैराग्य मागाहून येते, आणि पुष्कळदा न बोलावता येते.

उत्तर भारतातील एका विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या एका बाईंच्या बाबतीत ते असेच आले. योगाभ्यासाला त्यांनी आरंभ केला तो १९९८ मध्ये, वयाच्या ३४व्या वर्षी, आणि तोही कोणत्याही आध्यात्मिक ओढीने नव्हे. तासन्‌तास बसून वाचण्यामुळे कंबर धरली होती. उन्हाळ्याच्या सुटीत त्या पुण्याला माहेरी आल्या असता घराजवळच्या एका योगवर्गात त्यांनी महिनाभरासाठी नाव घातले. महिन्याने कंबर थोडी सैल झाली, सुटी संपली, आणि त्या परत गेल्या. जाताना त्यांच्या पेटीत एक सुती सतरंजी होती आणि एक जाड पुस्तक होते.

ते पुस्तक म्हणजे बी. के. एस. अय्यंगार यांचे १९६६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले 'लाइट ऑन योगा'. त्यातील सुमारे ६०० छायाचित्रे पाहून नवखा मनुष्य जसा हरखतो तसा दबूनही जातो. प्रत्येक आसनाच्या नावापुढे त्याच्या काठिण्याचा आकडा दिलेला आहे : सर्वांत सोप्याला १, सर्वांत अवघडाला ६०. परिशिष्टात तर ३०० आठवड्यांचा क्रमच आखून दिला आहे. परीक्षांच्या वेळापत्रकांत हयात घालवलेल्या शिक्षकी मनाला याहून आश्वासक दुसरे काय असणार? ३०० आठवडे म्हणजे पावणेसहा वर्षे. बाईंनी वहीत तसा हिशेबही मांडला होता. प्रत्यक्षात पावणेसहा वर्षांनी त्या ७०व्या आठवड्याच्या आसपास रेंगाळत होत्या, आणि त्यातही वर्षातून एकदोनदा मागे जात होत्या.

कारण शरीराची प्रगती सरळ रेषेत होत नाही. पश्चिमोत्तानासनात एके दिवशी बोटे पावलांच्या पलीकडे जातात, आणि पुढचा पंधरवडा ती घोट्याशीच अडतात. उजवे नितंब सैल होते, डावे हट्ट धरते. उत्तरेकडच्या जानेवारीत फरशीचा गारठा सतरंजीतून वर येतो आणि कणा लाकडासारखा होतो. मे महिन्यात तोच कणा मऊ असतो, पण घामाने हात घसरतात. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आले की सकाळचा तास पाऊण तासावर येतो, मग अर्ध्यावर. या साऱ्यात काही पुढे सरकत आहे की नाही, हे एकट्याने घरी करणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून प्रत्येक साधक मनाशी एखादी खूण धरून असतो. बाईंची खूण शीर्षासन ही होती.

शीर्षासनाला आसनांचा राजा म्हणण्याची प्रथा आहे. पण ते शिकताना मात्र राजेपण कोठे दिसत नाही, दिसते ते भय. बोटे एकमेकांत गुंफायची, कोपरे खांद्यांइतक्या अंतरावर रोवायची, माथा सतरंजीवर टेकायचा आणि खांदे कानांपासून दूर उचलून धरायचे, म्हणजे मानेवर भार येत नाही. पहिले वर्ष बाई दोन भिंतींच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. दुसऱ्या वर्षी एका भिंतीशी. २००१ च्या हिवाळ्यात त्या खोलीच्या मध्यभागी, कशाचाही आधार न घेता, पाच श्वास उभ्या राहिल्या. पुढे मिनिटे वाढत गेली. तीन, पाच, आणि अखेर दहा. समोरच्या घड्याळाचा मिनिटकाटा त्यांना उलटा वाचता येऊ लागला. वडील गेले त्या वर्षी, विभागातील तंट्यांच्या दिवसांत, मुलगा शिकायला परगावी गेला त्या पावसाळ्यात, दिवसाची सुरुवात या दहा मिनिटांनी झाली की बाकीचे पेलता येई. त्या काळात त्यांनी कोणाला 'मी योग करते' असे सांगितले असेल, तर त्याचा खरा अर्थ 'मी डोक्यावर दहा मिनिटे उभी राहते' असा होता.

२०१६ च्या हिवाळ्यात चष्म्याचा नंबर बदलावा म्हणून त्या नेत्रतज्ज्ञाकडे गेल्या. चष्म्याचे काम निघाले नाही. निघाला तो काचबिंदू, अगदी आरंभीच्या अवस्थेतला. त्यांच्या आईलाही तो होता, आणि आईची एक नजर त्याने नेली होती. हा विकार बहुधा दुखत नाही. तो कडेकडेने दृष्टी कुरतडत येतो. मधली नजर बराच काळ शाबूत राहते, त्यामुळे वाचणाऱ्या माणसाला काही हरवत आहे याचा पत्ताही लागत नाही. डोळ्यांतील दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरपर्यंत असतो. बाईंचा त्यापेक्षा थोडा वर होता. गेलेली दृष्टी परत आणता येत नाही. दाब उतरवून उरलेली राखता येते, एवढेच. डॉक्टरांनी रोज रात्री घालायचे थेंब लिहून दिले, आणि सहज विचारावे तसे विचारले की व्यायाम कोणता करता? बाईंनी अभिमानाने सांगितले. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. शीर्षासनात डोळ्यांतील दाब जवळजवळ दुप्पट होतो. खाली आल्यावर तो उतरतो हे खरे, पण दुखऱ्या मज्जातंतूला तेवढा भारही परवडत नाही. ते आसन त्याच दिवसापासून बंद. सर्वांगासन, हलासन, अधोमुख श्वानासन, ज्यात ज्यात डोके हृदयाच्या खाली जाते ते सारे बंद. श्वास जोराने रोखून धरणेही नको.

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. आधुनिक काळात योगाला प्रयोगशाळेत नेणाऱ्या आरंभीच्या संशोधकांपैकी एक मराठी माणूस होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या क्रियांत शरीराच्या आत काय घडते हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने तपासले. योगाने शरीरातील दाब बदलतात हे त्या प्रयोगांनी दाखवले, आणि योगाच्या बाजूचा तो मोठा पुरावा ठरला. पण दाबमापक हे साधन कोणाचे मित्र नसते. जे यंत्र एका क्रियेचे सामर्थ्य सांगते तेच दुसऱ्या क्रियेचा धोकाही सांगते. योगाला विज्ञानाची साक्ष हवी असेल, तर ती साक्ष प्रतिकूल गेली तरी ऐकावी लागते. बाईंना हे बुद्धीने तत्काळ पटले. सतरंजी मात्र त्यांनी पुढचे दोन महिने उलगडली नाही.

त्या दोन महिन्यांत गेले काय, याचा विचार केला तर आसने हा त्याचा लहानसा भाग होता. कंबर पूर्वीसारखी दुखत नव्हती; तिच्यासाठी करण्याजोगे पुष्कळ उरले होते. गेली होती ती खूण. १८ वर्षांच्या खटपटीचे जे एक दृश्य फळ होते ते एका वाक्यात काढून घेतले गेले, आणि मग उरलेल्या अभ्यासाला अर्थ काय, असा प्रश्न उभा राहिला. त्याच्या तळाशी आणखी एक भीती होती. ज्या डोळ्यांनी ३० वर्षे पोथ्या आणि पाठभेद वाचले तेच उद्या नसतील, तर खुणा कशासाठी जमवायच्या?

पतंजलींनी साधनेच्या वाटेवरचे नऊ अंतराय मोजले आहेत. त्यांत पहिला व्याधी आहे. मध्ये संशय आहे, आळस आहे, जडपणा आहे. पण त्या यादीचे खरे शहाणपण तिच्या शेवटाशी आहे. आठवा अंतराय अलब्धभूमिकत्व, म्हणजे पायरी न गाठता येणे. आणि नववा अनवस्थितत्व, म्हणजे गाठलेल्या पायरीवर टिकता न येणे. न मिळणे हे विघ्न आहे, हे कोणीही सांगेल. मिळालेले निसटणे हेही विघ्नांच्या यादीत, आणि सर्वांत शेवटी, लिहून ठेवायला अनुभवी माणूस लागतो. पुष्कळ पुढे गेलेल्यालाच जो भेटतो असा हा अंतराय आहे; आरंभ करणाऱ्यापाशी निसटण्यासारखे काही नसते.

ज्यांच्या पुस्तकाने बाईंना आकड्यांची शिडी दिली होती, त्यांच्या आयुष्यातही हा नववा अंतराय येऊन गेला होता. अय्यंगारांचा जन्म १९१८ चा, कर्नाटकातील बेल्लूरचा. लहानपण आजारांत गेले. १९३४ मध्ये ते म्हैसूरला आपले मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे गेले, आणि १९३७ मध्ये त्यांना शिकवण्यासाठी पुण्याला धाडण्यात आले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी त्याच शहरात काढले. छायाचित्रांत अशक्यप्राय वाटणारी आसने लीलेने करणाऱ्या या माणसाला १९७९ मध्ये, साठी उलटल्यावर, स्कूटरचा अपघात झाला. खांदा, कणा आणि गुडघे दुखावले; साधी आसनेही जमेनात. त्यांनी नवशिक्यासारखा पहिल्यापासून आरंभ केला आणि वर्षानुवर्षे तो चालवला. २०१४ मध्ये ९५व्या वर्षी पुण्यातच त्यांचे निधन झाले. दोरी, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या, लोड अशा साधनांचा आधार देऊन आजाऱ्याला आणि वृद्धालाही आसनात ठेवण्याची जी पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते, ती शरीराच्या मर्यादा आतून ठाऊक असणाऱ्या माणसाची पद्धत आहे. बाईंना हे चरित्र पूर्वीपासून माहीत होते. परंतु तोवर त्या त्यात विजयाची कथा वाचीत होत्या. आता त्यातला पुन्हा पहिल्या पानावर आलेला साठीचा विद्यार्थी त्यांना दिसला.

आधार घेण्यात कमीपणा नाही, हे तसे शास्त्रालाही मान्य आहे. योगसूत्रांत आसनाविषयी अवघी तीन सूत्रे आहेत, आणि त्यांचा रोख स्थैर्य, सुख आणि प्रयत्नाची शिथिलता यांकडे आहे. व्यासभाष्यात आसनांची जी नावे येतात त्यांत पद्मासन आहे, वीरासन आहे, दंडासन आहे. शिवाय 'सोपाश्रय' आहे, म्हणजे आधारासह बसणे, आणि 'यथासुख'ही आहे. त्या यादीत उलटे उभे राहण्याचे एकही आसन नाही. हठप्रदीपिकेत विपरीतकरणी येते ती तिसऱ्या उपदेशात, मुद्रांमध्ये. पहिल्या उपदेशातील १५ आसनांत नव्हे. त्याच पहिल्या उपदेशात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत. अति आहार, अति श्रम, वायफळ बोलणे या अपेक्षित गोष्टींच्या जोडीला तेथे 'नियमाग्रह' असा एक शब्द आहे. टीकाकार त्याचा संबंध पहाटेचे थंड स्नान वगैरे कठोर व्रतांशी लावतात. पण शब्दाचा आवाका त्याहून मोठा आहे. नियम हा योगाचा पाया, आणि नियमाचा आग्रह हा योगाचा शत्रू! हे वाक्य कोणत्याही ग्रंथात वाचताना विरोधाभास वाटेल. दहा मिनिटांच्या घड्याळाला बांधून घेतलेल्या माणसाला ते निदान वाटते.

बाईंनी सतरंजी पुन्हा उलगडली ती भिंतीला लागून. घडी घातलेल्या कांबळ्यावर बसायचे, पाठ भिंतीला टेकवायची, आणि श्वास येतो-जातो तसा येऊ-जाऊ द्यायचा. हे सोपे असेल असा त्यांचा समज होता. परंतु शीर्षासनात तोल हाच मनाचा पहारेकरी असतो. लक्ष हलले की पाय हलतात. येथे बसून मन गावभर हिंडून आले तरी शरीर तसेच बसलेले. पडण्याचे भय नाही, म्हणून सावध करणारेही कोणी नाही. मोजायलाही काही नाही. काठिण्याच्या आकड्यांत या बसण्याचा क्रमांक बहुधा पहिल्याच्याही अलीकडचा ठरला असता; आणि पहिले काही महिने बाईंना त्यात पाच मिनिटेही निघेनात.

त्याच वर्षी वर्गात ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय लावलेला होता. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या कर्त्याला योग परका नव्हता. गहिनीनाथांपासून निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून ज्ञानदेवांकडे आलेली नाथपरंपरा ही योग्यांचीच परंपरा, आणि सहाव्या अध्यायातील बैठकीचे, कुंडलिनीच्या जागृतीचे वर्णन त्याची साक्ष देते. बाराव्या अध्यायात अभ्यासयोगाच्या श्लोकावर भाष्य करताना ज्ञानदेव अभ्यासाचे सामर्थ्य मुक्तकंठाने गातात. अभ्यासाला अवघड असे काही नाही, असा त्या विवेचनाचा सूर आहे. तेव्हा वर्गातील एका बंगाली विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, आमच्याकडे अभ्यास म्हणजे सवय. सवयीने ईश्वर कसा मिळेल?" केरळहून आलेल्या एकाने हसून सांगितले की त्याच्या भाषेत तर 'अभ्यासी' म्हणजे कसरतपटू. वर्ग हसला. बाईंनी त्या दोघांना पुढचे तीन श्लोक वाचायला सांगितले. गीतेत अभ्यासयोगाच्या श्लोकापासून तीनच श्लोकांच्या अंतरावर पायऱ्यांचा निराळा क्रम येतो : अभ्यासाहून ज्ञान वर, ज्ञानाहून ध्यान वर, आणि ध्यानाहूनही कर्मफलाचा त्याग वर, शांती त्या त्यागापाशी आहे. ज्या अभ्यासाचा एवढा गौरव झाला, तो या क्रमात सर्वांत खालच्या पायरीवर आहे. त्याला कमी लेखलेले नाही. पायरी खालची असते म्हणूनच तिच्यावर पाय ठेवता येतो.

वैराग्य म्हणजे संसारावरची विरक्ती, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. परंतु साधक ज्या वस्तूला सर्वांत घट्ट धरतो ती बहुधा संसारातली नसते. ती साधनेतूनच मिळालेली असते. जमलेले आसन, लांबलेला श्वास, लोकांनी केलेले कौतुक, स्वतःविषयी तयार झालेले एक समाधानाचे चित्र. अभ्यास जसजसा वाढतो तसतशी ही मिळकत वाढते, आणि मग वैराग्याला पहिले काम तिच्यावरच करावे लागते. दोघांना एकत्र बसवण्यात सूत्रकारांचा हाच हेतू असेल काय, हे विद्वानांनी ठरवावे. अनुभव मात्र तेथेच आणून सोडतो.

संस्कृत व्याकरणातही 'अभ्यास' ही एक संज्ञा आहे. धातूचे द्वित्व होते तेव्हा दोन रूपांपैकी पहिल्याला पाणिनी अभ्यास म्हणतात. 'धा' धातूचे 'दधाति' होते त्यातला 'द' हा अभ्यास. त्याचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, महाप्राण जाऊन तो अल्पप्राण होतो. पुढचा धातू आपले महाप्राणत्व राखून उभा राहतो. हे रूप बाईंनी विद्यार्थ्यांना अनेक वर्षे शिकवले होते. अभ्यासाने आपला भार कमी केल्याशिवाय रूप सिद्ध होत नाही, याकडे त्यांचे लक्ष गेले ते मात्र अलीकडे.

आज साठी ओलांडलेल्या बाईंचा क्रम साधा आहे. सकाळी अर्धा तास बसणे, त्यानंतर कंबरेसाठी चारदोन आसने, डोके वर ठेवूनच. रात्री नऊ वाजता दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, आणि कोपरा हलकेच दाबून दोन मिनिटे डोळे मिटून स्वस्थ राहणे. हे थेंब जन्मभराचे आहेत. दीर्घकाळ आणि खंड न पडता, या दोन्ही अटी त्यांनाही लागू आहेत. सहा महिन्यांनी दृष्टिक्षेत्राची तपासणी असते. आजवरच्या तपासण्यांत दृष्टीचा प्रदेश आणखी आकसलेला नाही. याचे श्रेय औषधाला आहे, असे डॉक्टर सांगतात, आणि बाईंचेही मत तेच आहे. योगाने काचबिंदू बरा झाला, असे कोणी त्यांच्या तोंडी घालू लागले तर त्या तत्काळ दुरुस्ती करतात. विद्यापीठाच्या मैदानावर २१ जूनला योगदिन साजरा होतो. त्या दिवशी नवी मुले भिंतीशी शीर्षासनाची खटपट करतात, तेव्हा बाई खांदे कानांपासून दूर कसे ठेवायचे ते त्यांना दाखवतात, उभ्यानेच, हात वर करून.